डाळिंबाचा अर्क, उंदरांची आठवण आणि आपल्या घरातले बुजुर्ग

रमजान जवळ आला की मोबाइलवर दोन प्रकारचे निरोप हमखास फिरू लागतात. एकात सहर-इफ्तारच्या वेळा असतात. दुसऱ्यात खजूर, अंजीर आणि डाळिंब खाल्ल्याने कोणकोणते आजार बरे होतात त्याची लांबलचक यादी असते. अलीकडे या यादीत अल्झायमरचेही नाव दिसू लागले आहे. निरोपात 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि खाली अर्काच्या बाटलीचे किंवा कॅप्सूलच्या डबीचे चित्र असते.

ज्या घरात सगळे ठणठणीत आहेत, तिथे असा निरोप वाचून पुढे ढकलला जातो. पण ज्या घरात दादी झोहरची नमाज पढून उठल्या उठल्या "झोहर झाली का गं?" असे विचारते, पाच मिनिटांनी पुन्हा विचारते, त्या घरात तो पुढे ढकलला जात नाही. तिथे दुसऱ्या दिवशी बाटली येते. कधी डॉक्टरांकडे जाणे त्यामुळे दोन-चार महिने लांबते, कधी चालू असलेली गोळी बंद होते. म्हणून हे 'सिद्ध केले' म्हणजे नेमके काय केले, कोणावर केले आणि त्यातून आपल्या घरापुरता काय अर्थ निघतो, हे शांतपणे समजून घेण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

म्हातारपणाचे विसरणे आणि आजाराचे विसरणे

वय वाढले की चष्मा कुठे ठेवला, शेजारणीच्या नातवाचे नाव काय, हे आठवायला वेळ लागतो. थोड्या वेळाने आठवते. हा आजार नव्हे. आजारात गोष्ट मनात साठतच नाही. सकाळी झालेले बोलणे दुपारी झालेच नव्हते असे वाटते. मशिदीतून घरी यायचा तीस-चाळीस वर्षांचा रस्ता चुकतो. दुधाचे पैसे दोनदा दिले जातात, रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली जाते, चुलीवरचे भांडे जळून जाते. स्मृती, विचार आणि रोजचा व्यवहार अशा रीतीने ढासळत जाणे म्हणजे डिमेन्शिया, आणि त्याचे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर.

हे नाव जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांच्यावरून पडले. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात त्यांनी पन्नाशीतल्या एका स्त्रीला तपासले. तिला स्वतःचे नाव लिहितानाही अडखळायला होत होते. तिच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १९०६ साली आपली निरीक्षणे मांडली. पेशींच्या बाहेर चिकट पदार्थाचे थर साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते. आज आपण त्या थरांना अमायलॉइड आणि गुंत्यांना टाऊ प्रथिनाचे गुंते म्हणतो. नवी आठवण जिथे तयार होते तो मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात लवकर सापडतो. म्हणूनच आजीला लग्नाची वरात आठवते, पण सकाळचा नाश्ता आठवत नाही.

भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. त्या वयोगटात हे प्रमाण सुमारे ७.४ टक्के येते. म्हणजे प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे तरी घर असणारच.

उंदराला अल्झायमर होतो का?

उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. त्याचे आयुष्यच साधारण दोन वर्षांचे. म्हातारा उंदीर थोडा मंदावतो, पण त्याच्या मेंदूत माणसासारखे थर आणि गुंते होत नाहीत. मग प्रयोगशाळेत या आजाराचा अभ्यास कसा करतात? त्यासाठी उंदरात या आजारासारखी स्थिती मुद्दाम निर्माण करावी लागते. शास्त्रीय लेखांत म्हणूनच नेहमी 'अल्झायमरसदृश' असा शब्द असतो. मोबाइलवरच्या निरोपात नेमका तोच शब्द गळून पडतो.

अशी स्थिती निर्माण करण्याच्या दोन पद्धती फार वापरल्या जातात.

पहिली पद्धत औषधाची. मेंदूत असेटिलकोलिन नावाचे रसायन एका पेशीचा निरोप दुसऱ्या पेशीकडे पोहोचवते. शिकणे आणि लक्षात ठेवणे यांत त्याचा मोठा वाटा आहे. स्कोपोलामिन हे औषध टोचले की या रसायनाचे काम काही काळ अडते आणि चांगला धडधाकट उंदीर शिकलेले विसरतो. ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, आपल्या देशातल्या अनेक फार्मसी महाविद्यालयांत ती वापरली जाते. पण काही तासांत औषध उतरते आणि विसरणेही उतरते. त्यात अमायलॉइडचे थर नसतात, मेंदू हळूहळू झिजत जाणेही नसते.

दुसरी पद्धत जनुकांची. स्वीडनमधल्या एका घराण्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या लवकरच्या वयात होत असे. त्यामागचा जनुकातला दोष सापडला. तो दोष असलेले मानवी जनुक उंदरात घालून अमेरिकेतील शास्त्रज्ञ कॅरेन शाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांची एक जात तयार केली आणि १९९६ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. ही जात टीजी २५७६ या नावाने ओळखली जाते. हे उंदीर जन्मतः ठीक असतात. वय साधारण वर्षाच्या आसपास आले की त्यांच्या मेंदूत अमायलॉइड साचलेले दिसू लागते आणि शिकण्यात ते मागे पडतात. ही पद्धत आजाराच्या अधिक जवळची आहे. तरीही या उंदरांच्या मेंदूत टाऊचे खरे गुंते होत नाहीत आणि माणसाप्रमाणे मोठ्या संख्येने पेशीही मरत नाहीत.

उंदराची आठवण मोजतात कशी?

उंदराला "काल काय खाल्ले?" असे विचारता येत नाही. म्हणून ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्यातली एक परीक्षा शोधून काढली. ती आजही सगळ्यात जास्त वापरली जाते.

एक गोल टाकी घेतात. तिच्यात पाणी भरून दुधाची पावडर किंवा पांढरा, निरुपद्रवी रंग टाकून ते गढूळ करतात. पृष्ठभागाच्या जेमतेम एक सेंटिमीटर खाली एक छोटा चौथरा असतो. उंदराला तो दिसत नाही. उंदीर पोहतो, पण त्याला पाण्यात राहायला आवडत नाही, म्हणून तो उभे राहायला जागा शोधत फिरतो. भिंतींवर त्रिकोण, पट्टे, चौकोन अशा खुणा लावलेल्या असतात. दिवसातून चार वेळा, चार-पाच दिवस त्याला पाण्यात सोडतात. निरोगी उंदीर खुणांवरून अंदाज घ्यायला शिकतो आणि रोज कमी वेळात चौथऱ्यावर पोहोचतो. शेवटच्या दिवशी चौथरा काढून टाकतात आणि ६० सेकंद नुसते पाहतात. टाकीचे चार भाग कल्पिले, तर काहीच न आठवणारा उंदीर प्रत्येक भागात सरासरी १५ सेकंद काढील. ज्याला जागा आठवते तो आधी चौथरा होता त्याच भागात जास्त वेळ घुटमळतो. ते जादाचे सेकंद म्हणजे त्याची आठवण.

चांगल्या प्रयोगात उंदरांचे निदान चार-पाच गट असतात: निरोगी उंदीर, आजारसदृश स्थिती असलेले पण काहीही न दिलेले उंदीर, अर्क कमी मात्रेत दिलेले, जास्त मात्रेत दिलेले, आणि डोनेपेझिलसारखे माणसांत वापरले जाणारे औषध दिलेले. कोणता उंदीर कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवायचे, आणि घड्याळ हातात असलेल्या माणसाला कोणत्या उंदराला काय दिले आहे ते कळू द्यायचे नाही. नाही तर मनातली आशा घड्याळाचे बटण अर्धा सेकंद आधी दाबते.

मुक्या जनावरांवर हे करावे का, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल, आणि यायलाच हवा. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत नैतिक समितीची मंजुरी घ्यावी लागते. जिथे प्राण्याशिवाय काम भागते तिथे प्राणी वापरू नये, वापरला तर कमीत कमी संख्येत आणि कमीत कमी वेदना देऊन, हे तत्त्व १९५९ साली मांडले गेले आणि पुढे जगभर मान्य झाले. खराब आखलेला प्रयोग या तत्त्वात बसत नाही. त्यात जीव जातो आणि माहिती काहीच मिळत नाही.

डाळिंब, खजूर आणि आवळा

आता मूळ प्रयोगांकडे येऊ.

डाळिंबाचा सर्वांत गाजलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठाचे रिचर्ड हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. वर सांगितलेल्या टीजी २५७६ जातीच्या उंदरांना वयाच्या सहा महिन्यांपासून साडेबारा महिन्यांपर्यंत पिण्याच्या पाण्यात डाळिंबाचा रस दिला. दुसऱ्या गटाला साखरेचे पाणी दिले, म्हणजे फरक पडला तर तो केवळ गोडव्यामुळे पडला असे कोणी म्हणू नये. रस प्यायलेल्या उंदरांनी पाण्यातली परीक्षा लवकर आत्मसात केली. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये साचलेले अमायलॉइड दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे निम्मे होते.

हा निकाल खरोखर लक्षणीय आहे. पण त्यात दोन बारकावे आहेत. पहिला असा की रस प्यायलेले उंदीर जास्त वेगाने पोहतही होते. वेगाने पोहणारा उंदीर चौथऱ्यावर लवकर पोहोचणारच, त्यात आठवणीचा वाटा किती आणि अंगातल्या ताकदीचा किती, हे वेगळे करून पाहावे लागते. दुसरा बारकावा जास्त महत्त्वाचा. रस सहाव्या महिन्यापासून, म्हणजे मेंदूत थर साचण्याच्या आधीपासून दिला होता. या प्रयोगाने काही दाखवले असेल तर ते रक्षण आहे, गेलेली आठवण परत येणे नव्हे. आपल्याकडे मात्र अर्काची बाटली दादीचे विसरणे सुरू झाल्यावर आणली जाते.

खजुराचा प्रयोग ओमानमधला. मस्कतच्या सुलतान काबूस विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी याच जातीच्या उंदरांच्या खाद्यात २ टक्के आणि ४ टक्के खजूर मिसळला आणि सुमारे १४ महिने तो चालू ठेवला. खजूर मिळालेले उंदीर स्मृतीच्या परीक्षांत सरस ठरले. याच गटाने ओमानमधल्या डाळिंबावर आणि अंजिरावरही असे प्रयोग केले आहेत. पुन्हा तीच गोष्ट ध्यानात घ्या: १४ महिने म्हणजे उंदराच्या आयुष्याचा अर्ध्याहून मोठा भाग.

आवळ्याचा प्रयोग आपल्याच देशातला, हरियाणातल्या हिसार इथला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात उंदरांना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ५०, १०० आणि २०० मिलिग्रॅम अशा मात्रांत आवळा चूर्ण पंधरा दिवस दिले. त्यानंतर स्कोपोलामिनमुळे होणारे विसरणे कमी झाले. ही पहिली, औषधाची पद्धत. तेव्हा यातून एवढेच म्हणता येते की आवळ्याने त्या एका रसायनाच्या अडथळ्यावर काही परिणाम केला असावा.

आत काय घडत असावे?

डाळिंबात प्युनिकॅलाजिन नावाचे मोठे रेणू असतात. सालीत ते दाण्यांपेक्षा बरेच जास्त असतात. बाटलीवर त्यांचीच जाहिरात असते. पण हे रेणू एवढे मोठे असतात की ते रक्तातून मेंदूत जाणे अवघड. आपल्या आतड्यांतले जिवाणू त्यांचे तुकडे करतात आणि त्यांतून युरोलिथिन नावाचे छोटे रेणू तयार होतात. मेंदूपर्यंत जाणारे काही असेल तर ते हे युरोलिथिन असावेत, असा आज अनेक शास्त्रज्ञांचा कयास आहे. आणि इथेच एक गंमत आहे: प्रत्येकाच्या आतड्यात हे काम करणारे जिवाणू सारखे नसतात. एकाच दस्तरखानावर बसून दोन भावांनी एकच डाळिंब वाटून खाल्ले, तर एकाच्या शरीरात युरोलिथिन भरपूर तयार होईल आणि दुसऱ्याच्या शरीरात जवळपास होणारही नाही.

उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता

उंदरात चालले ते माणसात चालेलच असे असते, तर हा आजार केव्हाच आटोक्यात आला असता. २००२ ते २०१२ या काळात अल्झायमरवर माणसांत तपासल्या गेलेल्या २४४ औषधांचा हिशेब अमेरिकेतील तज्ज्ञांनी मांडला. त्यांतली ९९.६ टक्के अपयशी ठरली. कित्येक औषधे प्राण्यांत झकास ठरली होती.

मात्रेचा हिशेबही सरळ नसतो. किलोमागे २०० मिलिग्रॅम म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ ग्रॅम, असे कोणी तोंडी गणित करील. पण लहान प्राण्याचे शरीर औषध फार लवकर जिरवते. शरीराच्या पृष्ठभागावरून रूपांतर करण्याची रूढ पद्धत आहे. तिच्यानुसार उंदराच्या मात्रेला सुमारे १२ ने भागावे लागते, म्हणजे माणसासाठी ती साधारण एक ग्रॅम येते. १२ ग्रॅम आणि १ ग्रॅम यांतला फरक एखाद्या बुजुर्गाच्या यकृताला चांगलाच कळतो.

मग डाळिंबाची परीक्षा माणसांत झाली का? झाली, आणि तिचा निकाल प्रामाणिकपणे सांगायला हवा. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विसरण्याची तक्रार असलेल्या, पण आजार नसलेल्या ३२ वयस्कांवर एक छोटा प्रयोग झाला. २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. चार आठवडे रोज साधारण एक पेला, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर रस. रस घेणाऱ्यांना शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत फायदा दिसला. त्यानंतर तिथेच ५० ते ७५ वयाच्या २६१ जणांवर वर्षभराचा मोठा प्रयोग झाला आणि २०२० साली निकाल आला. आकृत्या पाहून शिकण्याच्या एका चाचणीत रस घेणारे टिकून राहिले, न घेणारे थोडे घसरले. स्मृतीच्या इतर चाचण्यांत फरक आढळला नाही. या दोन्ही प्रयोगांत अल्झायमरचे रुग्ण नव्हते.

थोडक्यात, उंदरांत आशा वाटावी असा निकाल, निरोगी माणसांत अगदी किंचित फायदा, आणि रुग्णांत उपचार म्हणून पुरावा नाही. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले' या तीन शब्दांमागचा आजचा हिशेब एवढाच आहे.

अर्क म्हणजे फळ नव्हे

प्रयोगातला अर्क आणि आपल्या ताटातले फळ यांत फरक असतो. अनेक प्रयोगांत डाळिंबाची साल वाळवून, कुटून, मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढतात आणि नंतर ते द्रव उडवून लावतात. आपण साल खात नाही. बाजारातल्या डबीत सालीचा अर्क आहे की दाण्यांचा, कोणत्या द्रवात काढला, एका कॅप्सूलमध्ये किती आहे, हे बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला कळत नाही. अर्क काढताना अल्कोहोल वापरले असेल तर ते चालेल का, हा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी तो आलिमांना विचारावा, पण त्याआधी ही माहिती डबीवर लिहायला उत्पादकाला भाग पाडावे.

जाहिरातीच्या बाबतीत अमेरिकेतले एक प्रकरण उद्बोधक आहे. डाळिंबाचा रस विकणाऱ्या पॉम वंडरफुल या कंपनीने आपला रस हृदयविकार आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासारख्या आजारांवर गुणकारी असल्याच्या जाहिराती केल्या होत्या. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ साली त्या दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या आणि २०१५ साली अपील न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला. रस चांगला नव्हता असे कोणी म्हटले नाही. पुराव्यापेक्षा दावा मोठा होता, एवढाच मुद्दा होता.

नेमत आणि दवा

आमच्या घरांत या फळांबद्दल वेगळी आपुलकी आहे, आणि ती असणे स्वाभाविक आहे. कुरआनात डाळिंबाचा उल्लेख तीन ठिकाणी येतो: सूरह अनआममध्ये दोनदा आणि सूरह रहमानमध्ये जन्नतच्या फळांत एकदा. अंजिराच्या नावाची तर एक सूरहच आहे. पण या उल्लेखांत डाळिंब नेमत म्हणून येते, विसरण्यावरचे औषध म्हणून नव्हे. एखाद्या कंपनीने आपल्या डबीवर आयत छापली, म्हणजे डबीतल्या भुकटीला त्या आयतीचा आधार मिळाला असे होत नाही. उलट, पाक कलामाचा उपयोग माल खपवण्यासाठी होतो आहे का, हे पारखून पाहणे आपले काम आहे.

म्हातारपणी माणूस जाणते झाल्यावर पुन्हा काहीच न जाणण्याच्या अवस्थेला पोहोचतो, याचा उल्लेखही कुरआनात आहे. आणि आई-वडील आपल्याजवळ म्हातारे झाले तर त्यांच्याशी वैतागाचा शब्दही काढू नये, अशी ताकीदही आहे. एकच प्रश्न विसाव्यांदा विचारणाऱ्या अब्बांना विसाव्यांदा तितक्याच नरमाईने उत्तर देणे, ही त्या ताकिदीची रोजची कसोटी. तिचा भार बहुतेक घरांत एकट्या सुनेवर किंवा लेकीवर पडतो, हेही इथे नमूद केले पाहिजे.

मग घरात करायचे काय?

पहिली गोष्ट, विसरणे रोजच्या व्यवहारात अडचण आणू लागले की थेट डॉक्टरांकडे जावे. 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साकळलेले रक्त, यांमुळेही माणूस विसरू लागतो आणि यांवर उपाय आहेत. अर्कावर घालवलेल्या चार महिन्यांत एखाद्या बरे होऊ शकणाऱ्या माणसाची संधी निघून जाऊ शकते.

दुसरी गोष्ट, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवाव्यात. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनी वयस्कांचे विसरणे वाढते. त्या खाजेच्या गोळ्या मेंदूत असेटिलकोलिनचेच काम अडवतात. स्कोपोलामिन उंदरात हेच करते. कोणताही अर्क चालू असेल तर तोही त्या पिशवीत असावा, कारण काही अर्क रक्त पातळ करणाऱ्या किंवा इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

तिसरी गोष्ट, फळ जरूर खावे, पण फळ म्हणूनच. सोलापूर, सांगोला, पंढरपूर, मालेगाव, सटाणा या पट्ट्यातले डाळिंब आपल्याकडे सहज मिळते. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. मधुमेह असलेल्यांनी रसाऐवजी दाणे खावेत. एका पेलाभर रसात जवळपास ३० ग्रॅम साखर असते आणि चोथा जवळजवळ नसतोच. खजुरात तर वजनाच्या दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त साखर असते. इफ्तारला एक-दोन खजूर वेगळे, आणि 'स्मरणशक्तीसाठी' म्हणून दिवसभर मूठ मूठ खाणे वेगळे. मधुमेह हाताबाहेर गेला तर तो स्वतःच मेंदूला इजा करतो.

चौथी गोष्ट ज्यांची वये आज चाळीस-पन्नास आहेत त्यांच्यासाठी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. ती दूर केली तर जगातल्या जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकतो. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, ऐकू कमी येणे, दिसायला कमी येणे, बैठे जीवन, एकटेपणा, नैराश्य, कमी शिक्षण ही त्यांतली काही. या यादीत कुठेही कॅप्सूल नाही. पण कानाचे यंत्र आहे, मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे, चालणे आहे, चार माणसांत मिसळणे आहे आणि मुलींची शाळा अर्ध्यावर न सोडवणेही आहे. आमच्या समाजात अजून कितीतरी आज्यांचे शिक्षण चौथीपर्यंतच झालेले असते. त्यांच्या नातींचे तसे होऊ नये, हा सुद्धा मेंदूच्या रक्षणाचाच उपाय आहे.

पाचवी गोष्ट, सांभाळणाऱ्या माणसाला मदत हवी. दिवसाचा क्रम एकसारखा ठेवावा. नमाजच्या वेळांनी तो आपोआप बांधला जातो, त्याचा उपयोग करावा. पढून झालेल्या नमाजसमोर खूण करता येईल असा मोठ्या अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावला तर "झाली का?" या प्रश्नाचे उत्तर बुजुर्गांना स्वतःच सापडते. खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी. मोहल्ल्यातले दुकानदार आणि मशिदीचे मुअज्जिन यांना कल्पना दिलेली असावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अल्झायमर रुग्णांच्या कुटुंबांसाठी काम करणारी एआरडीएसआय ही संस्था १९९२ पासून देशात कार्यरत आहे. घरातल्या भावांनी आळीपाळीने आठवड्यातला एक दिवस घेतला, तर त्या सुनेलाही श्वास घेता येईल.

संशोधन थांबलेले नाही आणि थांबूही नये. गॅलँटामिन हे आज अल्झायमरमध्ये वापरले जाणारे औषध एका फुलझाडाच्या कंदातूनच पुढे आले. तेव्हा उद्या डाळिंबातून किंवा आवळ्यातून एखादे खरे औषध निघाले तर आम्हाला नवल वाटणार नाही, आनंदच होईल. पण ते औषध होईल तेव्हा ते रुग्णांवर तपासलेले असेल, त्याची मात्रा ठरलेली असेल आणि ते डॉक्टर लिहून देतील. तोपर्यंत मोबाइलवर असा निरोप आला तर त्याला तीन प्रश्न विचारावेत: हे उंदरावर झाले की माणसावर? आजार होण्याआधी दिले की नंतर? आणि हे सांगणारा तीच बाटली विकतो आहे का? उत्तरे मिळेपर्यंत डाळिंब सोलून बुजुर्गांच्या हातात द्यावे, त्यांच्याजवळ बसावे, आणि डॉक्टरांची वेळ मात्र आजच घेऊन ठेवावी.